‘इतर’ म्हणजे कोण?

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. काकू, तुमच्यासमोर बोलायला उभी राहिले खरी. कालपासून घोकत होते, अन् आता एक वाक्य आठवेल तर शपथ. मग पोटात आहे तेच बोलते.

खैरनार सर गेले. निवृत्त झाल्यावरही आपल्या कॉलेजांच्या शास्त्र-अंकाचं संपादन त्यांनी सोडलं नाही. छोटासा अंक. मुंबई-पुण्यात कोण विचारतं त्याला? पण लेख पाठवणारा सरांपुढे चळाचळा कापायचा. सर लेख शेवटून वाचायचे. आधी संदर्भसूची. कुणाकुणाच्या कामावर तुम्ही उभे आहात, ते नीट लिहिलंय का? मग बाकीचं.

मी नव्यानं शिकवायला लागले होते. पिंपळगावच्या द्राक्षांवरच्या भुरी रोगावर लेख लिहिला. एका जुन्या शोधलेखाचा संदर्भ दिला आणि सगळे लिहितात तसंच लिहिलं, पहिल्याचं नाव, पुढे ‘आणि इतर’. सरांनी लेख परत केला. ‘इतर’भोवती लाल गोल. भडकले की सर थेट सटाण्याच्या बोलीवर यायचे. म्हणाले, “बाई, ह्या इतर कोण शेतस?” म्हणजे, हे इतर कोण आहेत?

मी वैतागले. म्हटलं, “सर, नियमच आहे तसा.”

“नियम कोणी केला? ज्याचं नाव पहिलं छापून येतं, त्यानं!”

गेले एसटीनं पुण्याला. ग्रंथालयात धूळ खात तो जुना खंड शोधला, सगळी नावं उतरवून आणली आणि सरांच्या घरी जाऊन तणतणत वाचून दाखवली. शेवटचं नाव होतं एम. डी. सोनवणे.

काकू तेव्हा चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, “ती मीच गं. मंगला सोनवणे. माझं माहेरचं नाव.”

सर मिशीत हसत होते, लबाड!

काकू, तुम्ही त्या दिवशी सांगितलंत, की सूक्ष्मदर्शकाचं सगळं काम तुमचं होतं. मग लग्न झालं, नाव बदललं, प्रयोगशाळा सुटली. तुमचं छापलेलं काम म्हणजे तो एकच लेख. आणि जगभर जिथे जिथे त्याचा संदर्भ दिला गेला, तिथे तिथे तुम्ही ‘इतर’. फक्त आपल्या अंकात तुम्ही मंगला सोनवणे. सरांनी दुसऱ्या कुणाचंही नाव असंच जपलं असतं, हेही मला ठाऊक आहे.

आता जरा कडू बोलते. सर दवाखान्यात असताना आपल्या संपादक मंडळानं ठराव केला. पानं वाचवायला संदर्भात फक्त पहिली तीन नावं छापायची, पुढे ‘आणि इतर’. मी विरोध केला, कुणी ऐकलं नाही. मंडळातले सगळे इथे बसलेत. राग येतोय? येऊ दे. मलाही आला होता.

सरांना तो ठराव मी सांगितला नाही. सांगवलाच नाही. पण तुम्हाला आज सगळ्यांदेखत सांगते. येणारा अंक छापायला मी नेणार आहे आणि त्यात सगळी नावं असतील. पहिलं, चौथं, शेवटचं. पानं कमी पडतात ना? माझा लेख काढा. सरळ काढा. पण एकही नाव कापू देणार नाही. मंडळातून मला काढायचं तर काढा, अंक छापून आल्यावर काढा.

मघाशी वार्ताहर विचारत होता, बातमीत कुणाची नावं घेऊ? अध्यक्षांचं, प्राचार्यांचं, ‘आणि इतर मान्यवर’ चालेल का? नाही चालणार, बाबा. आज तरी नाही.

सरांसाठी आपण शांत उभे राहणार आहोत. त्याआधी प्रत्येकानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं. सुरुवात मागच्या रांगेपासून. सरांच्या प्रयोगशाळेतले शिपाई, कँटीनवाले, विद्यार्थी, सगळे. मंडळाचे सभासद, तुम्हीसुद्धा.

काकू, तुम्ही शेवटी. माहेरचं नाव सांगा, सासरचं सांगा, दोन्ही सांगा. तुमचं नाव ऐकलं, की आम्ही शांत होऊ.

उठा, मंडळी. हं, मागून कोण सुरू करतंय?