बाबागाडी आणि वरवंटा

आमच्या दत्तूला, म्हणजे धाकट्या भावाला, पहिला मुलगा झाला तेव्हाची गोष्ट. पाळणा गावंढळ वाटतो म्हणून या शहाण्याने पुण्याहून बाबागाडी आणली, तीसुद्धा झालर पाहून निवडली. बारशाला ती निरवांगीला सासुरवाडीत नेली.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आदी वरवंटा निजवायचा, मग बाळ. रीत हाय."

"अहो, ही इलायती गाडी हाय. तिला असलं चालत न्हाय."

"मग बाळ कसं चालंल?"

त्यांनी कुंची घातलेला वरवंटा अलगद गाडीत ठेवला. तळ फाटून तो थेट दत्तूच्या पायावर आला. बायका पदराआड हसू लागल्या. बाळंतिणीने बाळ छातीशी घट्ट धरलं.

दत्तू कळवळत ओरडला, "वरवंटाच जड हाय तुमचा!"

"व्हय, आन् माझा नातू जलमभर एवढाच ऱ्हानार हाय का?"