पायरीवरचा एक आणि रिकामी एक जागा

सन्माननीय अध्यक्षा व मुख्याध्यापिका पार्वतीबाई, नव्याने रुजू झालेले विज्ञान शिक्षक तौहिद सर, आज आपला निरोप घेणाऱ्या यामिनी मॅडम आणि मोलगीचा बाजार अर्धवट टाकून आलेल्या माता-पालकहो, मी भिला पाडवी आपणा सर्वांस वंदन करतो.

मी पालक समितीचा अध्यक्ष व जीपचा मालक आहे. शिक्षण चौथी, मात्र चौथी उत्तीर्ण, याची नोंद घ्यावी.

समितीने मजवर एकच काम सोपवले आहे. मॅडमना आम्ही जाऊ देणार नाही, असे येथून बजावायचे. तत्पूर्वी एक प्रसंग निवेदन करतो.

गेल्या हिवाळ्यात मॅडम सारा वर्ग घेऊन जीप स्टँडवर आल्या. माझ्या जीपच्या मागील दोन बाकड्यांवर आठ मुले बसवली आणि माझी नात रिना हिला पायरीवर लटकवले. शेजारी उभ्या शिवाजीच्या जीपमध्ये सातच बसवली. शिवाजी ओरडला, "काका, भाडं पोरांकडून घेशील का बाईंकडून?"

मॅडम म्हणाल्या, "अणूच्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन झाले की तो शांत. सोडियमची आतली बाकडी भरलेली, बाहेर एकटाच लटकलेला. तो चटकन सुटतो, म्हणून सोडियम पाण्यात पडताच भडकतो. क्लोरीनला एकच कमी, म्हणून तो ज्याच्यात्याच्याकडून ओढू पाहतो."

रिना उतरून शिवाजीच्या जीपमध्ये बसली. दोन्ही गाड्या नीट भरल्या. मॅडम म्हणाल्या, "आता हे दोन अणू एकमेकांना चिकटले." मी विचारले, "बाई, चिकटले कशाने?"

"दादा, इलेक्ट्रॉनावर ऋण प्रभार असतो. देणारा धन होतो, घेणारा ऋण, आणि ते एकमेकांना धरून ठेवतात. हाच आयनिक बंध. त्यातूनच आपलं मीठ होतं."

"जीपला हे लागू नाही."

"नाही दादा, तेवढं जीपला लागू नाही."

मला समाधान वाटले. विज्ञानातही खरे बोलणारी माणसे असतात तर!

असो. आज सकाळी भाकरीबरोबर मीठ-मिरची घेऊन बसलो असता हे बजावण्याचे भाषण रिनाला म्हणून दाखवले. ती म्हणाली, "आजा, मॅडम जातात त्या पलीकडच्या खोऱ्यातल्या शाळेत विज्ञानाला कोणीच नाही. इथं तौहिद सर आले. आपली गाडी भरली, तरी एकाला पायरीवरच लटकत ठेवशील? स्टँडवर तर तूच ओरडतोस, जागा असेल त्या गाडीत बसा!"

श्रोतेहो, मी भाकरी संपवली आणि जीप शाळेकडे काढली.

म्हणून समितीची क्षमा मागून जाहीर करतो. मॅडम, आपण अवश्य जावे. आपण गेल्याने ती शाळा आणि ही शाळा एकमेकींना धरून राहतील. जीपला लागू नसेल, माणसांना आहे.

आपण शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. भाषणात खड्डे लागले असतील, तर आपल्याच घाटातला रस्ता समजून सांभाळून घ्यावे.

मॅडम, माझी जीप बाहेर उभी आहे. पुढे बसावे. गाडी भरण्याची वाट आज मी पाहणार नाही.