इंजिनापुढचा नारळ

आदरणीय अध्यक्ष बापूजी, व्यासपीठावरची संचालक मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपल्या कापसाच्या जिनाचे मॅनेजर भैय्याजी, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

माणसाला स्वतःचाच सत्कार विसरता येतो का? हा प्रश्न मला बरेच दिवस पडला आहे आणि उत्तर मला येत नाही. घरातली पहिली बी.ए. म्हणून चार शब्द बोलायला तुम्ही मला उभं केलंत. पण परीक्षेत हा प्रश्न आला नव्हता.

भैय्याजींना सत्कार फार शोभतो. हार गळ्यात पडताना मान किती झुकवावी, हे त्यांच्याकडून शिकावं. चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीला ते तालुक्याच्या कुठल्याशा समितीवर गेले, तेव्हा इथेच, जिनाच्या आवारात, त्यांचा सत्कार झाला. ठरवला कुणी? त्यांनीच. आभार मी मानले होते, म्हणून मला आठवतं. इंजिनाच्या आवाजात त्यांचं भाषण ऐकू जाईना, तेव्हा त्यांनी इंजिन बंद करवलं. भर हंगामात. कापसाच्या गाड्या केळझरच्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. मग फोटोवाला म्हणाला, इंजिनापुढे नारळ फोडतानाचा फोटो झकास येईल.

पाहुण्यांसाठी आपल्या जिनाची रीत सांगते. शेवटच्या कापसाची सरकी निघाली की कामावरची सगळ्यांत वयस्क बाई इंजिनापुढे नारळ फोडते. तिथे हंगाम संपतो. मग दसऱ्याच्या पूजेपर्यंत इंजिनाला कुणी हात लावत नाही. म्हणून देवकाबाईंच्या हातात नारळ दिला तेव्हा त्या अडून बसल्या.

"सायेब, आत्ताच काऊन फोडाले लावून राह्यले? कापूस तर पडलाच हाये."

भैय्याजी म्हणाले, "फोड ना बाई. फोटो काढायचा आहे. इंजिनाला काय समजते?"

इंजिनाला समजलं नाही, हे खरं. हरिदासशेठना समजलं. आपल्या जिनाला डिझेल पुरवणारे शेठ त्या दिवशी पहिल्या रांगेत होते. खोबऱ्याचा तुकडा त्यांनीही खाल्ला. डिझेल महागत चाललं होतं आणि ठरल्या भावानं देणं त्यांच्या जिवावर आलं होतं. करारात लिहिलं होतं, हंगाम संपेपर्यंत पुरवठा. आठवड्याभरात त्यांची पिंपं यायची थांबली. विचारायला गेलेल्यांना ते म्हणाले, तुमचा हंगाम संपला, मी स्वतः प्रसाद खाल्ला आहे. इंजिन थंड पडलं, कापूस दुसऱ्या जिनात गेला आणि इथल्या बाया घरी बसल्या. त्यांत माझी आईही होती.

जिन चालवणाऱ्या आपल्या संस्थेनं शेठवर वर्ध्याच्या कोर्टात दावा लावला. शेठच्या वकिलाचं म्हणणं थोडक्यात असं: हंगाम कधी संपतो ते करारात लिहिलेलं नाही, म्हणजे जिनाची रीत धरावी लागेल, आणि रीतीप्रमाणे नारळ फुटलेला आहे. याला उत्तर एका वाक्याचं होतं. भैय्याजींनी म्हणायचं होतं, तो नारळ माझ्या सत्काराचा होता. पण मग स्वतःच्या भाषणासाठी इंजिन थांबवलं, हेही कबूल करावं लागलं असतं. एवढ्या मोठ्या माणसानं एवढं लहान वाक्य कसं बोलावं? त्यांनी शपथेवर सांगितलं की सत्कार झाल्याचं आठवत नाही. बायांना म्हणे घरी जायची घाई होती, त्यांनी परस्पर नारळ फोडला. आणि फोटोवाल्याचा रोल नेमका खराब निघाला. असे योग भाग्यवंतांनाच लाभतात.

त्यानंतर दोन दसरे आले. हंगाम परस्पर संपवणाऱ्या बाया म्हणून देवकाबाईंना, माझ्या आईला, त्या दिवशीच्या कुणालाच जिनात परत घेतलं नाही. आई आता पवनारला निंदायला जाते. देवकाबाई मला म्हणाल्या, "काम गेलं त गेलं वं नलू. पर माह्या नावानं लबाडी काऊन लावली?" कोर्टात त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. व्यासपीठावरच्या सगळ्यांनी त्या दिवशीचं खोबरं खाल्लेलं आहे. तरी एकालाही काही आठवलं नाही. खोबऱ्यानं बुद्धी वाढते असं मी लहानपणी ऐकलं होतं.

असो. भैय्याजी आता नागपूरला मोठ्या जागेवर चालले आहेत. तिथे इंजिन नाही, त्यामुळे भाषण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल. वर्ध्याच्या दाव्याचा निकाल मात्र अजून लागायचा आहे. तो काय लागेल, हे मी सांगू शकत नाही.

मला बोलायला दिलंत आणि बापूजींनी दोनदा घड्याळ पाहूनही खाली बसवलं नाही, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर घरची मुलगी समजून पोटात घाला. साक्षीत मात्र कमी-जास्त काही झालेलं नाही. देवकाबाईंना बरोबर घेऊन ती मी कालच वर्ध्याला कोर्टात देऊन आले आहे.