भोंग्यावरचा ढावलो

बेबीबाई : नाई म्हंजे नाई. हेमला, काढ तो मुकुट. चाल तांड्यावर.

सुकेशनी : बेबीमावशी, उद्या नाटक आहे! राजकन्याच नेली तर बाकीची पंधरा लेकरं घेऊन मी मंगरूळपीरच्या स्टेजवर काय भजन करू?

हेमला : याडी, ओढू नको वं माय! पुठ्ठ्याचा हाय, दोन दिस लागले चिकटवाले.

बेबीबाई : तू गप राय. ताई, काल तालमीत तुमी भोंगा लावला?

सुकेशनी : हो, आवाज तपासायला.

बेबीबाई : तो आवाज आमच्या तांड्यावर आला. शेजारची देवला तव्यावरची भाकर तशीच टाकून पयत आली. म्हने, कोनाची पोरगी सासरी निंगाली, आमाले बलावलं काहून नाई? धा बाया माह्या दारात. अन् भोंग्यावर कोन? माहीच पोरगी, ढावलो रडून राह्यली.

सुकेशनी : राजकन्या राक्षसाच्या घरी जायला निघते, तिथं गाणं पाहिजे होतं. मी लिहिलेलं कोणालाच आवडेना. हेमलानं हे म्हटलं अन् सगळी लेकरं चूप झाली. मला वाटलं, तुमच्याकडचं गाणं आहे.

बेबीबाई : गानं नोहे ते. सासरी जातानी पोरगी एकेकाच्या गयात पडून रडते, तो ढावलो. त्याले पेटी नसते, ढोलकी नसते. घरात लगन नसतानी कोनी रडत नाई.

सुकेशनी : चुकलं माझं. आधी विचारायला पाहिजे होतं.

बेबीबाई : अन् तुले शिकवला कोनं गं? आजी तर तू रांगत होती तवाच गेली.

हेमला : शीलाबाईनं. ऊसतोडीले गेलतो तवा. ते मोया बांधता बांधता म्हने, मी पाचटावर बसून आयकू. आपल्या लगनात रडाची तयारी करे ते. बासाठी येगळी ओळ, तुह्यासाठी येगळी.

सुकेशनी : मावशी, बसा. पाणी देऊ?

बेबीबाई : शीला माही मोठी पोरगी, ताई. तिचं लगन फडावरच लावलं. सुटीचा एकच दिस. आंगाची हयद वाळली नवती अन् सासरच्यायचा ट्रॅक्टर सुरू. मुकादम हॉर्न वाजवून राह्यला. म्याच म्हनलं, जाय माय, चढ लवकर. एक ओळ नाई रडली पोरगी. तीन सालं झाले, ते लोक धाडत नाई तिले.

हेमला : मले सगळा येते, याडी. तुही ओळ बी.

बेबीबाई : काल मले वाटलं, शीला आली.

(बाहेर लेकरं राक्षसाच्या शेपटावरून भांडताहेत.)

सुकेशनी : ढावलो काढून टाकते मी. सकाळी दुसरं काहीतरी बसवू.

बेबीबाई : तुमची राजकन्या कोनाच्या गयात पडते?

सुकेशनी : कोणाच्याच नाही. गजेंद्र राजा झालाय, त्याला लाज वाटते. तीन हात लांब उभा राहतो.

हेमला : चार हात!

बेबीबाई : अन् माय?

सुकेशनी : राणी सुरुवातीलाच मेलेली आहे.

बेबीबाई : कायले मारली?

सुकेशनी : मूळ गोष्टच तशी आहे, मावशी.

बेबीबाई : मंग जित्ती करा तिले. पेटी बंद ठेवजा, भोंगा बी.

सुकेशनी : पण राणी होईल कोण? एका दिवसात संवाद कोण पाठ करणार?

बेबीबाई : संवाद नोका देऊ. मी नुसती उभी राहीन, तिचं रडनं पुरं होईस्तोर.