मंदा पास झाली

आमी चिमूरकडचे, भाऊ. जंगलातली पोरगी शास्त्रज्ञ झाली वगैरे काही लिहू नका हो, मले त्याची चीड येते. बाप धान पिकवे, अन् लग्न केलं त्यानं सख्ख्या मामाच्या पोरीसंग, आमच्याकडं चालते तसं. एक बिघडलेला जीन दोघाईतही लपून होता. मी वाचली, पण लहान बहीण मंदा, तिले तो दोन्हीकडून भेटला. दिवस बुडला का तिले दिसेच नाई. गाव म्हणे रातांधळी हाय, कलेजी चारा. खाऊन खाऊन कटाळली बिचारी.

काय सांगू तुमाले, तिच्याच पायी शिकली मी. विषाणूतलं वाईट तेवढं काढाचं, त्यात चांगला जीन भराचा, अन् सुईनं डोळ्याच्या पडद्याखाली सोडाचा, ह्याच्यातच माही अर्धी जिंदगी गेली. आमच्या लॅबचे मोठे साहेब, त्याईले आमचा मुलूख म्हणजे फक्त वाघ! माणसं राह्यतात इथी, हे त्याईच्या गावीच नाई.

मंग माणसावर चाचणी सुरू झाली, मंदाचा नंबर लागला. अंधाऱ्या खोलीत ठोकळे मांडून ठेवत, त्यातून चालाचं, जो धडकला त्यालेच औषध. अन् मी बेअक्कल तिले काय बोलली? मंदे, उद्या परीक्षा हाय, नीट दे बरं.

नात्यातली म्हणून मले बाहेर बसवलं. मंदा हासत आली, चपला हातात. म्हणे बाई, मी पास झाली, एकाही ठोकळ्याले लागली नाई. अजी, अंधारात मोहफुलं वेचाले जाते ती, पायानं चाचपत सारं रान फिरते, तिले त्या ठोकळ्याईचं काय!

साहेबाले सांगतलं, तिनं पायानं पाह्यलं, डोळ्यानं नाई, पुन्हा घ्या. तर म्हणे बाई, तुमी तिच्या बहीण, तुमचं कसं ऐकाचं, नियम हाय. आग लागो त्या नियमाले, मंग चपला काढू देल्या काऊन? मठ्ठ लेकाचा! चाचणीची दुसरी खेप येईपर्यंत मंदाचा पडदा सुकून गेला. पुढं त्याच कामाचा हार गळ्यात घालून घेतला त्यानं, अन् मी भी बाजूले उभी होती, दात काढून. थू माह्यावर.

आता चाचणी मीच घेतो. हरेकाले सांगतो, ही परीक्षा नाई, चपला घालूनच चाला. मंदाले आता दिवसा भी दिसत नाई. रोज फोनवर इचारते, बाई, आज कोणी नापास झालं का? झालं म्हटलं का खूश होते, म्हणे देव भलं करो त्याचं.