बाकी सरांचा पगार

नाही नाही, बोला तुम्ही, मला राग नाही आला. अर्ध्या दिवसाची नोकरी, उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी, वर महिन्याच्या महिन्याला पगार — सगळेच म्हणतात, तुम्ही काय जगावेगळं बोललात? फक्त जरा हळू, कारण आत ते गणिताचे सर बसलेत ना, ज्यांच्यासाठी ही सगळी मंडळी ताटकळलीयेत, तो माझा नवरा आहे. — अहो, उठताय कशाला? बसा, बसा. ते हेल्मेटपण ठेवा खाली, मांडीवर घेऊन बसायला काय तान्हं बाळ आहे ते? तुमच्या आधी अजून दोघं आहेत आणि तो एकेकाला सोडेल तेव्हा खरं. पाच मिनिटं म्हणून बोलावतो आणि मुलाचं अख्खं चरित्र सांगत बसतो. मी इथली पालक नाही, मी आपली त्याला न्यायला आलेय.

तर पगाराचं म्हणत होतात. ते मला विचारा, माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? आम्ही दोघं एकाच कॉलेजात, एकाच वर्गात, पुढेमागे बसायचो. पदवी एकाच दिवशी घेतली. त्याचा पहिला नंबर, आणि माझा — जाऊ द्या, मी पास झाले, आणि तेही त्याच्या वह्या वाचून. संख्याशास्त्राच्या पेपराच्या आधी रडत बसले होते, तर हा समोर बसून पत्त्यांनी समजावत होता, एवढ्या वेळा, एवढ्या वेळा, की शेवटी मलाच त्याची दया आली आणि मला समजलं. आज मी एका कंपनीत हिशेब तपासते आणि त्याच्या दुप्पट मिळवते. दुप्पट म्हणजे मी जरा कमीच सांगतेय. मग मी मधल्या काळात हुशार झाले का? कुठली हुशार — मी फक्त वेगळ्या इमारतीत शिरले. आमचे धाकटे दीर, गणितात गटांगळ्या खाल्लेले, ते लोकांना कर्जं विकतात आणि माझ्याहीपेक्षा जास्त कमावतात. एकदा सगळे जेवायला बसलो असताना सासरे म्हणाले, शिक्षकाला पैसा कमी असला तरी समाधान फार असतं. मी म्हटलं, बाबा, मग धाकट्या भावजींनाही थोडं समाधान मिळू द्या, त्यांच्या साहेबांना सांगा पगार कापायला. नवरा हसला. बाकी कोणी हसलं नाही.

आणि सुट्टी म्हणाल — मागच्या वर्षी समुद्रावर गेलो होतो. माझे चार कपडे आणि याचे पेपरांचे गठ्ठे. बॅग उचलणारा माणूस विचारतो, ताई, पुस्तकांचं दुकान आहे का तुमचं? हा वाळूत बसून पेपर तपासतोय, समुद्राकडे पाठ करून, कारण म्हणे उजेड डोळ्यांवर येतो. मग सुटला वारा. गठ्ठा उडाला आणि गणिताचे सर किनाराभर पळतायत पेपरांमागे, ओळख ना देख अशी माणसं कागद पकडून आणून देतायत, आणि हा प्रत्येकाला थँक्यू म्हणून सांगतोय, हा मुलगा खूप सुधारला बरं का या वर्षी. — हसताय ना? मीही हसले होते. मग मीही पळाले.

त्याला मुलं काय म्हणतात माहितीये? तुमच्या मुलीनं सांगितलं असेल. हो, 'बाकी सर'. भागाकारातली बाकी असते ना, तसा — शाळा सुटते, सगळे जातात, शिपाई कुलूप घेऊन उभा, आणि हा कोणाला तरी काहीतरी समजावत मागे उरलेला. त्याला ते नाव आवडतं. बोर्डावर स्वतःच लिहितो कधी कधी.

तर झालं काय, की आमच्या कंपनीत नव्या मुलांना शिकवायला माणूस हवा होता. आकडेवारी कशी वाचायची, तक्ता कसा मांडायचा, असलं. मीच मागे लागले याच्या, की जा, नुसता जाऊन तर ये. माझा बुटांचा हट्ट, त्याचा चपलांचा हट्ट, शेवटी बूट घालून गेला. मुलाखत छान झाली म्हणे. तिथल्या बोर्डावर त्यांनाच काहीतरी शिकवून आला. मग भरतीवाल्यानं विचारलं, तुमची पगाराची अपेक्षा काय? आणि यानं — म्हणजे विचार करा, जो माणूस आयुष्यभर आकडे शिकवतो — यानं आत्ताचा पगार सांगितला आणि म्हणाला, यावर थोडे जास्त चालतील, जाण्यायेण्याचा खर्च वाढेल म्हणून.

मला हे कसं कळलं? डबा खाताना. भरतीवाला आमच्याच टेबलावर बसतो, त्यानं गंमत म्हणून सांगितलं. म्हणे एक गणिताचा शिक्षक आला होता, त्याला स्वतःची किंमतच सांगता येईना, आमच्या ड्रायव्हरपेक्षा कमी मागत होता. सगळे हसले. माझा घास तोंडात. तो गिळला आणि म्हटलं, तो माझा नवरा आहे. — आत्ता तुम्ही उठायला लागलात ना, अगदी तसेच चेहरे झाले सगळ्यांचे. एकानं तर मला आपल्या डब्यातलं वाढलं. आणि आठवड्याभरात फोन आला याला, नेमणूक पक्की, आणि पगार त्या जागेचा जो असतो तो पूर्ण. आता तो यानं बोर्डावर शिकवलं म्हणून मिळाला का त्यांना माझ्यासमोर ओशाळं झालं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शिकवलं म्हणूनच मिळाला असेल. असं मी धरून चालते.

मला वाटलं, खूश होईल. मी येताना फुलं घेऊन आले होते. तो ओट्याशी उभा होता, फोनवर ऐकलेला आकडा मला सांगितला आणि म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं —" आणि थांबला. पुढचं वाक्य अजून बोललेला नाही. बघा, त्याच्या डोक्यात तुलना कधी नव्हतीच. भावाची गाडी आली, याला आनंद. मी बढती आणली, हा शेजारीपाजारी सांगत फिरला. आपल्याला कमी मिळतंय हे त्याला माहीत होतं हो, पण कसं माहीत होतं, तर आपली उंची किती हे माहीत असतं तसं. त्यात कोणाचा दोष असतो का? आणि त्या दिवशी त्याला कळलं, की ही उंची नव्हती, हे कोणीतरी ठरवलेलं होतं. मग तो वेळेवर घरी यायला लागला. बाकी सर, आणि चार वाजता घरात. सोफ्यावर बसून राहायचा. मला बरं वाटायला हवं होतं ना? चहा बरोबर घेतोय, गप्पा मारतोय. पण मी म्हटलं, मी याला काय करून ठेवलं?

तरी तो लगेच हो म्हणाला नाही. आधी मोठ्या बाईंकडे गेला, त्यांच्या केबिनमध्ये. त्यानं जी वाढ मागितली ती ऐकाल तर तुम्हीही हसाल, तेवढ्याचं आम्ही महिन्याला पेट्रोल घालतो. त्यांनी दिली असती ना ती, तर तो राहिला असता. माझ्याकडून लिहून घ्या. बाई वाईट नाहीत हं, त्यांच्या हातात काही नसतं, वरून जे ठरतं ते ठरतं. त्यांनी याला चहा पाजला, अगदी प्रेमानं म्हणाल्या, "सर, तुमच्यासारखी माणसं हे पैशासाठी करतात का?" घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, "त्यांना हो कळव." त्या बाईंनी नुसतं नाही म्हटलं असतं ना, तरी चाललं असतं त्याला.

काय? या पिशव्या होय. या त्याचं सामान न्यायला आणल्यात. कपाटात काय काय साठवलंय त्यानं, लाकडी ठोकळे, दोऱ्या, कुठल्या कुठल्या मुलांनी दिलेली चित्रं, उद्यापासून सुट्टी, मग कपाट दुसऱ्याला —

हं. नाही. म्हणजे, तसं नाही.

बरं, बोलून गेले आता. ऐका, हे अजून कोणाला सांगायचं नाहीये. बाईंनी बजावलंय, नवीन माणूस मिळेपर्यंत पालकांत बोभाटा नको. दोनदा जाहिरात दिली. एकजण आला, पगार ऐकला आणि म्हणाला, विचार करून सांगतो. एक मुलगी आली होती, चांगली होती, तिला दुसरीकडे कुठेतरी कॉम्प्युटरवर काम मिळालं. बघू, मिळेल कोणीतरी. मिळतंच शेवटी.

कितवीत आहे तुमची मुलगी? आठवीत. आणि नाव काय म्हणालात? — थांबा, जी आधी गणिताच्या तासाला पोट दुखतं म्हणून घरी यायची, ती? मला माहितीये ना ती. जेवताना सांगत असतो तो. म्हणाला, आज तिनं हात वर केला. चुकलं उत्तर, पण हात वर केला. किती खूश होता त्या दिवशी, मला दोनदा सांगितलं. तर तुम्ही हेच विचारायला आलात, की नववीलाही हेच सर असतील ना? बरोबर?

मग ते विचारू नका. तेवढं करा माझ्यासाठी. त्याला खोटं बोलता येत नाही, तो अडखळेल, आणि मग सगळंच बाहेर येईल, आणि बाहेर अजून इतके लोक बसलेत. तुम्ही नुसतं तिच्याबद्दल ऐका. तो सगळं सांगेल, काय येतं, कुठे घाबरते, पुढे कोणी शिकवलं तरी त्यांना काय सांगायचं. लिहून घ्या हवं तर. आज सगळ्यांनाच सांगतोय तो. म्हणून एवढा वेळ लागतोय.

आणि मघाशी म्हणालात ना, की पगार काही कमी नसतो यांचा. नाही, मी चिडले नाहीये. आत्ता तुम्हाला विचारलं, की तुमच्या मुलीनं हात वर केला त्याचे किती द्यायचे, तर तुम्हीही गप्प बसलाच असता. मीही बसले असते. मी हिशेबच तपासते हो दिवसभर, आणि मला नाही सांगता येणार. पण म्हणून कमी द्यायचे, असं कुठे असतं?

झालं, ते जोडपं निघालं. तुमच्या आधीच्या आजोबांनी पण हात केला, तुम्ही जा म्हणतायत ते. जा, जा, उशीर नका करू. हेल्मेट राहिलं तुमचं. — मला? मला काय झालंय? खिडकीतून धूळ येते इथे. जा तुम्ही, आणि आत गेलात की दार ओढून घ्या मागे.