चिठ्ठीवर न मावलेलं वचन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे पाळक रेव्हरंड शमुवेलसाहेब, व्यासपीठावरील पंच कमिटीचे सन्माननीय सभासद, नाशिकच्या बायबल प्रशिक्षण केंद्रातून मुद्दाम आलेले पाहुणे, सत्कारमूर्ती श्री. कृष्णकांत रणभिसे सर, आणि एवढ्या उन्हात नवीन पनवेल, सुकापूर, पार आपट्याहून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा, म्हणजे तुमच्या आशालताबाईंचा, सलाम.

मला पाच मिनिटं दिली आहेत. सत्तरीतल्या निवृत्त शिक्षिकेच्या हाती माइक देणं धाडसाचं काम. पाळकसाहेबांनी ते केलं, त्यांचे आधीच आभार मानते. नंतर ते स्वीकारतील की नाही, सांगता येत नाही.

माझ्याआधी सात जण बोलले. सातही जणांनी सांगितलं की सरांना अख्खं पवित्र शास्त्र, सगळं बायबल पाठ आहे. अकरा वर्षं त्यांनी रविवारचा शास्त्राभ्यासाचा वर्ग चालवला आणि कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर तयार, तेही अध्याय आणि ओवीसकट. खरं आहे. ‘मला माहीत नाही, बघून सांगतो,’ हे वाक्य या अकरा वर्षांत सरांच्या तोंडून कुणी ऐकलंय का? हात वर करा. बघा, एकही नाही. आता ते नाशिकला शिकवणाऱ्यांना शिकवायला चाललेत. म्हणजे कुठेच न अडणारी माणसं यापुढे तिथून घाऊक भावात निघतील.

हसू नका. मी हसवायला उभी राहिलेली नाही.

आपल्या वर्गात सुकापूरच्या ठमाबाईंची मुलगी येते, मैना. तिला विचारूनच मी हे बोलते आहे. तिला आपट्याला दिलेली. नवरा मारतो हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं? मागच्या वर्षी, दोन हजार अकरा साली, ती मनगट मोडून माहेरी आली आणि प्लास्टरचा हात घेऊन वर्गात बसली. सगळ्यांदेखत उभं राहून तिने विचारलं, “सर, मी परत जायला पाहिजे का?”

एक बाई आपल्या जिवाचं विचारते आहे. त्यावर माणसाने किती वेळ विचार करावा? सरांना श्वास घेण्याइतकाही लागला नाही. “अध्याय पाचवा, ओवी बाविसावी. पत्नीने पतीच्या अधीन असावं. पुढचा प्रश्न.” वर्गाने माना डोलावल्या. मी मागच्या बाकावर होते. माझ्या मनात आलं, काय पाठांतर आहे या पोराचं. आज ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

मैना परत सासरी गेली. चार महिन्यांनी ठमाबाईंनी तिला सरकारी दवाखान्यातून घरी आणलं. मी भेटायला गेले आणि वर शहाणपणाने विचारलं, पोरीला परत पाठवलीतच का? ठमाबाई म्हणाल्या, “बाय, मी आडानी. मला वाचता येत नाय. सरांना पुस्तक पाठ हाय, त्यांच्यापुढं मी काय बोलू?”

घरी येऊन मी ते पान उघडलं. तीनच ओव्या पुढे नवऱ्यांची पाळी येते. बायकोवर जीव ओवाळून टाकण्याइतकं प्रेम करा, तिला स्वतःच्या देहासारखं जपा. बायकांना सांगितलंय त्याच्या तिप्पट नवऱ्यांना सांगितलंय. मग सर तिथवर का पोचले नाहीत?

ते माझ्यामुळे. चौऱ्याऐंशी सालापासून मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत पाठांतर स्पर्धेच्या चिठ्ठ्या मी लिहीत असे. वह्यांचे पुठ्ठे कापून पत्त्याएवढे तुकडे करायचे आणि त्यावर मावेल तेवढंच वचन उतरवायचं. न अडखळता म्हणेल त्याला कंपासपेटी. कृष्णकांत पाच वर्षं पहिला आला. अर्थ मी एकदाही विचारला नाही, कारण अर्थाला गुण नव्हते. माझी चिठ्ठी जिथे संपली तिथे याचं शास्त्र संपलं. मोठेपणी पुढच्या ओळी त्याने वाचल्या असतीलच, पण तोंडाला वळण पुठ्ठ्याचं.

तेव्हा कृष्णकांत, तुझी अर्धी लाज माझी आहे. अर्धीच. अडतीस वर्षांच्या माणसाने बाईंच्या पुठ्ठ्यावर किती दिवस काढायचे? शिकवायला पुढे होणाऱ्याचा न्याय जास्त कडक होणार, हे तूच वर्गात सांगायचास. तेही पाठच असणार.

आणि कमिटीचं काय सांगावं? येत्या रविवारी मैनाच्या सासरची माणसं कमिटीपुढे येणार आहेत. ‘तुमच्या सरांनीच सांगितलंय, आमची बाई पाठवा,’ असा त्यांचा निरोप आहे. आमचे दोघे-तिघे सभासद म्हणे विचारात पडलेत. कसला विचार करता? सर मंगळवारी नाशिकला जातील. त्यांचा शब्द इथेच राहील, आणि मैनाला पुन्हा त्या घरात ढकलायला तेवढा पुरे आहे.

पाळकसाहेब घड्याळ बघताहेत. संपवते. सरांना शाल घालायचा मान मला दिला आहे. ती मी टेबलावर ठेवते. आधी सरांनी सगळ्यांदेखत सांगावं की ते उत्तर चुकलं होतं. मग मी आनंदाने घालीन.

संयोजकांचे, मंडपवाल्यांचे आणि सकाळपासून चुलीपाशी राबणाऱ्या भगिनींचे आभार. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. शिकवण्यात जे झालं ते सभेने पोटात घालून भागत नाही. त्यासाठी काल मी सुकापूरला जाऊन मैनाची माफी मागितली. तिने मला चहा करून दिला. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही.

कृष्णकांत, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्याकडे जाशील तेव्हा उजव्या बाजूला उभा राहून बोल. डाव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही.